सानपाड्याची फायनल

"सर, तुम्हाला सगळ्यात जोरात कुणी मारलं?"

वाशीच्या सभागृहात पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं. अश्विनच्या निवृत्तीचा सत्कार होता. आता बँकॉकच्या नाहीतर दुबईच्या कुणा बॉक्सरचं नाव येणार, असं सगळ्यांना वाटलं.

"अंकुशने," अश्विन म्हणाला. "सानपाड्यात. चौदा वर्षांचा होतो मी."

लोक हसले. अश्विन हसला नाही.

त्या जिल्हा स्पर्धेपर्यंत तो एकदाही हरला नव्हता. फायनलला समोर आलेला अंकुश हडकुळा होता. तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या राउंडला त्याचा डावा हात कुठून आला ते अश्विनला दिसलंच नाही. तो खाली बसला आणि पंचांनी लढत थांबवली. अंकुशचा हात उंच झाला. मग हेडगार्डही न काढता तो गर्दीतून निघून गेला. फोटोलासुद्धा थांबला नाही.

पुढे अश्विन दोनदा राष्ट्रीय विजेता झाला. देशाकडून खेळून रौप्यपदक आणलं. सव्विसाव्या वर्षी व्यावसायिक बॉक्सर झाला. एकोणीस लढती, सतरा विजय, आशियाई किताब. हरलेल्या दोन लढती तो महिन्याभरात विसरला. सानपाडा विसरला नाही. कुठलीही स्पर्धा असो, आधी आपल्या वजनगटाची यादी बघायचा. अंकुशचं नाव कधीच नसायचं.

"बदला घ्यायचाय का तुला?" बायको, क्षिप्रा, एकदा म्हणाली होती.

"नाही गं. त्या दिवशी जसा जीव लावून खेळलो ना, तसा परत कधी खेळलोच नाही. समोर तसं कुणी आलंच नाही."

सत्कार संपल्यावर त्याचे जुने प्रशिक्षक नामदेव सर जवळ आले. "अंकुश पावण्याच्या एमआयडीसीत असतो," ते म्हणाले. "वर्कशॉप आहे घरचं. मलाही मागच्या महिन्यातच कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विन पावण्याला गेला.

शेडच्या दारातच अंकुश भेटला. पोट सुटलेलं, हाताला ग्रीस. मागे लेथवर एक बाई पाठमोरी काम करत होती. मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू जात नसावं.

अंकुशने त्याला लगेच ओळखलं. "तुमची एकपण फाइट सोडली नाय आमी. मशीन बंद ठेवून बघायचो."

"मग तू का सोडलंस?"

"बाबांची हौस होती, सर. मला मार खायची भीती वाटायची."

अश्विनला ते खरं वाटलं नाही. एवढ्या वर्षांनी हा आपल्याला टाळतोय, असं त्याला वाटलं.

"अंकुश, एकदा माझ्या जिममध्ये ये. फक्त तीन राउंड. बघायला कुणी नसेल. जिंकायचं म्हणून नाही बोलवत. एवढी वर्षं मी वाट बघतोय."

अंकुश बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला.

"त्या दिवशी सकाळी काट्यावर वजन मी दिलं," तो म्हणाला. "दुपारी एकशेतीन ताप. बाबा ड्युटीवर होते. फायनल सोडली असं त्यांना सांगायची हिंमत नव्हती."

"तापात खेळलास?"

"आमी जुळे, सर. उंची एकच. उवा झाल्या म्हणून आईने दोघांचेपण केस बारीक कापलेले. सरावाला रोज घरातच मला धू धू धुवायची बहीण. पण बाबा तिला ग्लोव्हज घालू द्यायचे नाय."

अंकुश आत गेला आणि त्याने लेथ बंद केला.

"दीक्षा," तो म्हणाला, "सानपाड्याचा अश्विन आलाय. तीन राउंड खेळतेस का विचारतोय."