टिकाऊ नवरदेव

हिंगणघाटहून लुनावर आलेला प्राध्यापक हर्षित वडनेर गावात मंजुषाला पाहायला बसला होता. पहिली सोयरीक काऊन मोडली, असं तिच्या वडिलांनी, बंडूजींनी विचारलं, तर गडी पोहे चावत हसला.

"त्या पोरीच्या बापाच्या वशिल्यानं नोकरी लागली, मामाजी, मग कायले अडकून राहू? शास्त्रच आहे हे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. लाखो वर्षांपासून जो कावेबाज, तोच टिकून राह्यला."

एवढं शिकलेलं बोलणं ऐकून बंडूजींनी सुपारी फोडायला अडकित्ता उचलला.  सकाळभर वांग्यातलं गवत निंदलेल्या हातानं मंजुषानं हर्षितपुढची बशी उचलली.



"टिकते तं गाजरगवतबी, सर. पण त्याच्या फुलांच्या मुंडावळ्या कोनी बांधत नाई."