मेलेली बाई नाचली

रहिमतपुरातल्या व्हिडिओ सेंटरात इंग्रजी सिनेमा लागला की पलटणीतून परतलेले गुंडाआबा टीव्हीशेजारी उभे राहून गोष्ट मराठीत सांगत. लंडनच्या डिस्कोवाल्या बाईच्या सिनेमाचा पहिला भाग त्यांनी असाच रंगवला आणि शेवटी ती विमानात बसताच "पडलं इमान, गेली बिचारी" असं पदरचंच सांगून मोकळे झाले. बायका डोळे पुसत घरी गेल्या. आज दुसऱ्या भागात तीच बाई चमचमत्या गोळ्याखाली नाचत आली. "आवं, ही मेली हुती न्हवं?" बनुबाईंनी विचारलं. आबांनी टोपी सारखी केली. "ही तिची जुळी बहीण हाय." सगळ्यांनी आबांच्या नातीकडं पाहिलं. साताऱ्याला कॉलेजात शिकणाऱ्या सुनंदानं सिनेमाची मूळ इंग्रजी कादंबरी वाचली होती. "जुळीच हाय," ती म्हणाली. घरी जाताना आबांनी हळूच विचारलं, "पुस्तकात खरंच जुळी हाय व्हय गं?" "न्हाई. पण तिचं नाव ठरवून ठेवा, बायका इचारतील."