पुढच्या दाराची पाटी

मागच्या पडवीत बसलं की उघड्या दारातून आमचं दुकान पार रस्त्यापर्यंत दिसतं. पुढच्या दारावर सासूबाईंनी पाटी लावलीय, ‘कुत्र्यांना आत आणू नये’. अक्षर माझं.

तारकर्लीला फिरायला आलेली पुण्याची एक बाई त्या पाटीपाशी थबकली. कडेवर पांढरी, केसाळ कुत्री.

“आजी, हिला आत आणू का? बाहेर वाळू फार तापलीय. ही काही घाण करणार नाही, डायपर घातलंय.”

“डायपर? ता कित्याक?”

“तिचे दिवस चालू आहेत,” बाई संकोचून म्हणाली.

सासूबाई खळखळून हसल्या. “मगे काय झाला? बायलेचो जल्म तो, चुकता काय कोणाक! येवंदे तिका आत.”

त्यांनी स्वतः उठून पंखा कुत्रीकडे वळवला, वाटीभर पाणी ठेवलं. कुत्री लोणच्याच्या बरण्यांशेजारी, देवाच्या फोटोखाली, गार लादीवर पसरली.

बाईला कोकमाचं आगळ हवं होतं. सासूबाईंनी सगळ्या फळ्या धुंडाळल्या आणि शेवटी मागे वळून हाक मारली, “चारुता, आगळाचे बाटले खंय ठेवलंस गो?”

“तांदळाच्या पिंपामागे आसत. थांबा, मी येतंय काढूक.” मी उठून उंबरठ्यापाशी गेले.

“थंयच रव!” सासूबाई ओरडल्या. “तिसरोच दिवस आसा तुझो.”