पुढची तारीख

"आजींना कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे?" डॉक्टरांनी विचारलं. हेरंबने सवयीने बायकोकडे पाहिलं. वृंदाने औषधाचं नाव सांगितलं, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, गेल्या महिन्यातली साखरही सांगितली.

डॉक्टर हेरंबला म्हणाले, "आईची छान काळजी घेता हो तुम्ही."

"करावंच लागतं," तो हसून म्हणाला.

बाहेर येताच वृंदाने सासूबाईंना बाकावर बसवलं आणि फाईल त्याच्या हातात दिली. "पुढच्या वेळी आईंना तू एकटा घेऊन ये."

"एवढं चिडायला काय झालं? सांगितलं असतंस तर मी…"

"म्हणजे सांगायचंही मीच."

तो फाईल चाळत म्हणाला, "पुढची तारीख कधीची दिली गं?"

"तुझ्यासमोरच सांगितली."

ती एकटीच रिक्षात बसली. सासूबाईंनी तिला थांबवलं नाही.