घरी आलेलं माणूस

“घर मिळायला त्रास झाला?” विद्यापीठातून आलेल्या संयोगिताताईंनी विचारलं. शहरातल्या आफ्रिकी तरुणांच्या अडचणींवर त्यांचं संशोधन चाललं होतं.

मलावीहून पुण्याला शिकायला आलेला लिंबानी हसला. “फोनवर सगळे ‘या’ म्हणतात. तोंड बघितलं, की खोली कालच गेलेली असते.” नोकरीचीही तीच रड. आपल्याला कुणी विचारतंय, एवढ्यावरच तो भरभरून बोलत होता.

“आजारी पडलात तर कोण बघतं?”

मागे डेंग्यूच्या तापात तो एकटाच कण्हत पडला होता, तेव्हा शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

“कुणी नाही,” तो म्हणाला. ताईंनी तेवढं लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि चहाला थांबा म्हटलं तरी थांबल्या नाहीत.

संध्याकाळी आईचा फोन आला. “आज कोण भेटलं?” ती रोज विचारायची आणि तो रोज एखादा मित्र मनानं रचून सांगायचा. आज रचावं लागलं नाही.

“घरी पाहुण्या आल्या होत्या, आई. किती वेळ माझीच विचारपूस करत होत्या.”

आई हरखली. “देव त्यांचं भलं करो! पुन्हा कधी येणार आहेत?”