छातीच्या हाडामागचे दात

मावशीच्या छातीत पुढच्या बाजूला गाठ आहे हे कळल्यापासून भाचीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती स्वतः रेडिओलॉजिस्ट, तरीही! पण आज सीटी स्कॅन पडद्यावर उमटला आणि ती आनंदाने खुर्चीतून उडालीच.

"ही चरबी, आणि हे बघ, चक्क दात!" ती टेक्निशियनला म्हणाली. "जन्मापासूनची साधी गाठ दिसतेय, अशा गाठींत दातही सापडतात. काढली की सुटलो!"

"मावशींनी जीव टांगणीला लावला होता आपला," तो हसत म्हणाला.

मग गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून औषध सोडून दुसरा स्कॅन घेतला. मघाशी गाठीतल्या दातांच्या दोन ओळी घट्ट मिटलेल्या होत्या. आता त्यांच्यात फट होती.

"मावशी हलल्या असतील," टेक्निशियन म्हणाला.

पण फासळ्या जागच्या जागी होत्या. भाचीने घाईघाईने पुन्हा स्कॅन लावला. फट आणखी रुंदावली. तेवढ्यात मावशीच्या खोलीतला आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधून कुजबुज ऐकू आली.

"मावशी, बोलू नकोस ना! श्वास रोखून धर."

काचेपलीकडे मावशीने डोळे फिरवून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ गच्च मिटलेले होते.

कुजबुज थांबली नाही. ती आता भाचीला घरच्या नावाने हाक मारत होती.