आधी कोणाला?

डॉक्टरीणबाईंनी पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. खालच्या ओठाखाली दोन फोड होते. त्यातला एक फुटून वर मधाच्या रंगाची खपली धरली होती. कोवळी, अजून ओलसर.

"खाजतं का गं?"

चार वर्षांच्या पोरीने मान हलवली आणि सवयीने बोट तोंडाकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी ते हळूच खाली घेतलं.

पाळणाघराच्या मोठ्या खोलीत अकरा मुलं सतरंजीवर ओळीने बसवली होती. ही बारावी मात्र बाहेर, पायरीवर, वर्तमानपत्राच्या घडीवर एकटी. ती इथल्या मावशींची मुलगी. मावशी दिवसभर सगळ्यांची नाकंतोंडं पुसायच्या, भरवायच्या, निजवायच्या, आणि घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून हिलाही बरोबर आणायच्या. जागेवर बसत नाही म्हणून मालकीणबाईंनी कौतुकाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आज सकाळपासून त्या तिला 'ती' म्हणत होत्या.

"नायटाच आहे ना?" जुळ्यांच्या आईने दारातून विचारलं. तिच्या दोन्ही मुलांच्या नाकपुड्या पिवळ्या खपल्यांनी भरल्या होत्या. ती कामावरून रजा टाकून, तणतणत आली होती.

"नायटा नाही. जंतूंमुळे होतं हे. इम्पेटिगो. दिसायला वाईट, पण वेळेवर औषध केलं तर आठवड्यात जातं." डॉक्टरीणबाई आत आल्या. "कोमट पाण्याने खपली भिजवा. मऊ झाली की अलगद पुसून घ्या आणि वर मलम लावा. ओरबाडून काढू नका. तुमच्या दोघांचं पसरलंय, त्यांना पोटातूनही औषध लागेल. नखं कापा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. औषध सुरू करून दोन दिवस घरी ठेवलं, की मग दुसऱ्याला लागायची भीती नाही."

"ते करीन हो मी. पण हे आणलं कोणी इथे?"

मालकीणबाईंनी पायरीकडे पाहून उसासा टाकला. "काय सांगू तुम्हाला. माझ्या तोंडातून कोणाला नाही म्हणून निघत नाही, तेच नडतं."

डॉक्टरीणबाई ओळीतल्या एकेका मुलापुढे उकिडव्या बसत पुढे सरकल्या. शेवटचा मालकीणबाईंचा नातू, गोटू. भांग पाडलेला, पावडर लावलेला. त्यांनी ओल्या बोळ्याने त्याच्या नाकाखालची पावडर पुसली. खाली तीन गुलाबी चट्टे निघाले. खपल्या पडून गेलेल्या.

"ह्याला कधी झालं होतं?"

"त्याला? छे हो. डास चावलाय. गोऱ्या कातडीवर लगेच उठतं."

"डासाचं नाही हे. हा बरा होत आलाय, मलमही लागलंय. दहाएक दिवस तरी झाले असतील. त्या पायरीवरच्या मुलीचं कालपरवाचं आहे."

जुळ्यांची आई मालकीणबाईंकडे टक लावून पाहू लागली.

"असं कसं म्हणता तुम्ही?" मालकीणबाईंचा आवाज चढला नाही. उलट गोड झाला. "मावशींनाच विचारा की. रोज तोंडं त्याच पुसतात सगळ्यांची. सांगा मावशी, आधी कोणाला झालं? अगदी खरं सांगा. खोटं बोलणारी माणसं मी कामावर ठेवत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात वाट्यांची चळत घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चळत खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"आमच्या हिलाच," त्या म्हणाल्या.

"नीट आठवून सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्यात आठवायचं काय बाई. माझीच पोर. कुठेकुठे लोळत असते, नाही ती घाण अंगाला लावून घेते. मीच लक्ष दिलं नाही."

"वाटलंच होतं मला," जुळ्यांची आई म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला.

भिंगरी कधी उठून आत आली ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"नाही गं आई, आधी गोटूला झालं. तू त्याला मलम लावायचीस आणि मी डबी धरायचे. तू म्हणालीस ना, कोणाला सांगाय..."

मावशींचा हात सुटला. गालावर नाही, थेट तोंडावर. वाट्या घरभर गडगडत गेल्या. ओठाखालची खपली निघाली आणि पिवळ्या पाण्यात मिसळलेलं रक्त हनुवटीवरून ओघळलं. भिंगरी रडली नाही. ती आईच्या तळव्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं. मग खाली वाकून पिशवीतून कापसाचा नवा बोळा काढला.

"बाकीची मुलं दोन दिवसांनी येऊ देत," मालकीणबाई म्हणाल्या. "हिला मात्र आता आणू नका, मावशी. आईबापांना मी काय तोंड दाखवू?"

मावशींनी मान डोलावली.

"आणि उभ्या काय राहिलात? हात धुऊन घ्या आधी. मुलांना भरवायची वेळ झाली."